चिंचेने घासलेलं काडतूस

शनिवारी सकाळी मी आठवड्याचं धुणं लावते. मशीन स्वयंपाकघराच्या मागच्या चिंचोळ्या जागेत आहे. तिथल्या खिडकीतून समोरच्या ब्लॉकमधल्या लोकांचे बांबूंवर वाळत घातलेले कपडे दिसतात. सिंगापूरला, बिशानमध्ये, राहायला आल्यापासून मी ते कपडे बघते आहे, त्यातली बाळं आता शाळेच्या गणवेशात गेली. कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी मी सगळ्यांचे खिसे उलटे करते. समीरच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, खिशात पावत्या निघतात. अनीशच्या खिशात टिश्यू, चिकटलेली गोळी, कुणाच्या तरी पेनाचं टोपण.

अनीश आमचा मुलगा. तो लहान असताना आम्ही इथलं पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, घेतलं, तेव्हाच ठरलं होतं की मोठा झाल्यावर त्याला इथल्या सैन्यात सक्तीची सेवा करावी लागेल. तेव्हा तो बालवाडीत होता, त्यामुळे ते फार लांबचं वाटलं. आता तो शुक्रवारी संध्याकाळी कॅम्पातून येतो, रविवारी संध्याकाळी परत जातो आणि मधला सगळा वेळ झोपतो. त्या शनिवारी त्याच्या हिरव्या पँटच्या मांडीवरच्या खिशातून एक रिकामं काडतूस निघालं.

दुसऱ्या कुणी नवऱ्याला हाक मारली असती. मी ते नाकाशी नेलं.

जळलेल्या दारूचा वास. थोडा वेगळा होता, जास्त झणझणीत, पण त्याच घराण्यातला. पितळ बोटाला गार लागलं. करंगळीएवढं काडतूस, वर निमुळती मान, बुडाशी टाचणीने टोचल्यासारखा खड्डा. मी त्याच्या तोंडाची कड नखाने तपासली, कुठे चीर गेली आहे का ते बघितलं. चीर नव्हती. चांगलं आहे, अजून वापरता येईल, असं माझ्या मनात आलं. बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या, सिंगापूरच्या फ्लॅटमध्ये उभ्या असलेल्या बाईच्या मनात हे यायचं काही कारण नव्हतं.

अण्णांना, माझ्या वडिलांना, जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. ते गेल्यापासून मला फारसं काही वाटत नाही. ही तक्रार नाही. जेवण जातं, झोप लागते, ऑफिसातली कामं वेळेवर होतात, उलट जरा जास्तच वेळेवर. दातांच्या डॉक्टरांनी सुई दिली की गाल आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही, तसं चाललं होतं. अनीश पहिल्यांदा कॅम्पात गेला तेव्हा बाकीच्या आया रडत होत्या. मी त्याच्या बॅगेची चेन नीट लागली आहे का ते बघितलं आणि घरी आले.

आमचं गाव चंदगडकडचं. अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर. शाळा सांभाळून थोडी शेती होती. रताळी, भात, बांधावर काजू, आणि या सगळ्यावर आपला हक्क आहे असं मानणारी रानडुकरं. पिकाच्या राखणीसाठी अण्णांकडे परवान्याची बाराबोरची बंदूक होती. त्यांच्या वडिलांकडून आलेली. माझ्या माहितीत तिने एकही प्राणी मारला नाही, कारण अण्णा नुसते आवाजाचे बार काढायचे. काडतुसात दारू असायची, वर बूच असायचं, छर्रे नसायचे. मास्तरांची बंदूक नुसती खेकसते, असं गावात म्हणत. अण्णांना त्याचं काही नव्हतं. डुकरं पळाली म्हणजे झालं, असं ते म्हणायचे. पळालेली डुकरं दोन दिवसांनी परत यायची आणि अण्णा परत जायचे. दोन्हीकडून काही मनावर घेतलं जात नव्हतं.

असली आवाजाची काडतुसं विकत कुठून मिळणार? म्हणून ती घरी भरायची. दारू आणि टोप्या परवाना दाखवून बेळगावच्या दुकानातून यायच्या. टोपी म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसणारी ती छोटी वाटी, घोडा आपटला की पेटणारी. बाकी सगळं घरचं.

शाळेतला एक फळा मधोमध चिरला म्हणून बाद झाला होता. अण्णांनी तो बैलगाडीत घालून घरी आणला, सुताराकडून चारी बाजूंनी बोटभर उंचीच्या पट्ट्या मारून घेतल्या, आणि काळी बाजू वर करून सोप्यात दोन लाकडी घोड्यांवर मांडला. हेच आमचं काडतुसं भरायचं टेबल. पट्ट्यांमुळे काही घरंगळून खाली पडायचं नाही. काळ्या रंगावर अण्णा खडूने गोल काढायचे, डावीकडे एक रांग, उजवीकडे एक रांग, मधे एक जाड रेघ. डावीकडे रिकामी काडतुसं पालथी ठेवायची. दारू पडली की सुलटी होऊन रेघ ओलांडायची. एकदा ओलांडली की परत यायची नाही. एका काडतुसात चुकून दोनदा दारू पडली तर काय होतं ते अण्णांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. नुसतं एकदा म्हणाले की त्यांचे एक मामा डाव्या हाताने जेवायचे.

भरायचा दिवस आधी ठरायचा. कोरडं ऊन हवं, वारा नको, शाळेला सुट्टी हवी. त्या दिवशी घरात चूल पेटायची नाही. आमच्याकडे श्रावणातल्या शिळासप्तमीला चूल निवते, तशी ती वर्षातून आणखी तीन-चारदा निवायची, आणि ती मात्र देवीसाठी नव्हे, अण्णांसाठी. आई आदल्या दिवशी दशम्या करून ठेवायची. सकाळी दहीबुत्ती, शेंगदाण्याची चटणी, काकडी. घरातली काडेपेटी शेजारच्या घरी ठेवायला द्यायची, ती मी न्यायची. शेजारची काकू काही विचारायची नाही. पदराला हात पुसून काडेपेटी घ्यायची आणि म्हणायची, आज मास्तरांचं सोवळं वाटतं.

ते सोवळंच होतं. अण्णा आंघोळ करून सुती धोतर नेसायचे. आईची नायलॉनची साडी त्या दिवशी खुंटीवर राहायची. एरवी दिवसभर वर्गात बोलून आलेला हा माणूस, घरीही पाढे म्हणून घेणारा, त्या टेबलापाशी एक शब्द बोलायचा नाही आणि बोलू द्यायचा नाही. घर इतकं गप्प व्हायचं की परसातल्या कोंबडीचा आवाज उगाच मोठा वाटायचा. मला तो दिवस सणापेक्षा जास्त आवडायचा. गार भात, निवलेली चूल, आणि राखेचा तो शिळा वास. तो वास आता कुठेच नाही, गॅसला राख नसते.

माझं काम घासायचं. वापरलेली काडतुसं आतून काळी झालेली असायची. अण्णा एका लाकडी ठोकळ्यावर ती बसवून जळकी टोपी टोच्याने पाडायचे आणि माझ्यापुढे ढकलायचे. मी ती चिंचेच्या कोळात बुडवून ठेवायची. थोड्या वेळाने पाण्यावर काळपट तवंग यायचा, मग काथ्याने आत-बाहेर घासायची. चिंचेचा आंबूस वास आणि जळकी दारू हे दोन्ही एकत्र झाले की एक तिसराच वास तयार व्हायचा. तो माझ्या बोटांना शाळेतही यायचा. धुतलेली काडतुसं सुपात घालून अंगणात उन्हाला ठेवायची. दुपारी सूप उचलताना ती हाताला गरम लागायची आणि एकमेकांवर आपटून बारीक किणकिणायची.

बुचं कापायचं काम आईकडे. जुन्या घोंगडीची जाड बुचं, आणि त्यावर पुठ्ठ्याच्या चकत्या. पुठ्ठा लग्नपत्रिकांचा. मास्तर म्हणून गावातली प्रत्येक पत्रिका आमच्याकडे यायची, आणि पत्रिका हातात पडली की अण्णा नवरानवरीची नावं वाचायच्या आधी ती दोन बोटांत धरून जाडी चाचपायचे. आई म्हणायची, लोक अक्षता टाकायला बोलावतात आणि हे पुठ्ठा बघतात. लोखंडी ठशावर हातोडी पडली की एक गोल चकती सुटायची. तिच्यावर अर्धा गणपती असायचा, किंवा नुसतं 'चि. सौ. कां.', किंवा कुणाच्या तरी मामाचं अर्धवट आडनाव. मग केव्हातरी रताळ्याच्या वेलांत हिंडताना कडेने जळालेली चकती सापडायची, आणि मी ती घरी आणून हे कुणाचं लग्न असेल ते ओळखत बसायची. बऱ्याचदा त्या नवरीला तोवर मूल झालेलं असायचं.

शेवटी अण्णा चकतीच्या कडेने मेण लावायचे. मेण पोळ्याचं, उन्हात ठेवून मऊ केलेलं, विस्तवाचा प्रश्नच नव्हता. अंगठा फिरवत फिरवत कड बंद करायची. भरलेलं प्रत्येक काडतूस कानाशी नेऊन हलवून बघायची त्यांना सवय होती. सगळं झाल्यावर एक माझ्या तळहातावर ठेवायचे. ते जड असायचं. दिवसभर मी हाताळलेल्या रिकाम्या पितळेपेक्षा फार जड, आणि मला भीती वाटायची, बरंही वाटायचं. मग ती बिस्किटांच्या डब्यात जायची, डबा कुलपात, आणि अण्णा पहिला शब्द बोलायचे. बहुतेक वेळा तो शब्द 'चहा' असायचा. मग मी धावत जाऊन काडेपेटी परत आणायची.

निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागायची. अण्णा तिला तेलपाणी करून, जुन्या चादरीत गुंडाळून, एसटीच्या पुढच्या सीटवर बसून तालुक्याला न्यायचे. ती परत येईपर्यंत त्या फळ्यावर आई सांडगे घालायची. डुकरांना बरोबर कळायचं. त्या वर्षी रताळी कमी व्हायची आणि अण्णा निवडून आलेल्या माणसाला नावं ठेवायचे.

हे सगळं कधी संपलं ते मला नेमकं सांगता येत नाही. मी शिकायला पुण्याला गेले, मग नोकरी, मग इथे. एका सुट्टीत गेले तेव्हा सोप्यात फळा नव्हता, त्या जागी प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. मी विचारलं नाही. अण्णांचे हात तोवर थरथरायला लागले होते. बंदूक कुठे आहे तेही विचारलं नाही. नातू दुसऱ्या खोलीत फोनवर काहीतरी खेळत होता, त्यात बंदुका होत्या, आणि अण्णा जेवताना मला म्हणाले होते की आवाज जरा कमी करायला सांग त्याला.

तर त्या शनिवारी मी देवाची भांडी घासायला काढली होती. समई, ताम्हण, पळी. ओट्यावरच्या वाडग्यात चिंच भिजत होती, सेरंगूनच्या भारतीय दुकानातून आणलेली. मी मशीन सुरू केलं, परत आले आणि हातातलं काडतूस समईबरोबर त्या वाडग्यात टाकलं. ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. थोड्या वेळाने पाण्यावर तवंग आला. बाटल्या धुवायच्या ब्रशने मी ते आतून घासलं, मग बाहेरून, मानेपाशी जास्त. नळाखाली धरलं. पुसलं आणि खिडकीत, ताम्हणाशेजारी, उन्हात उभं केलं. खूपच छान निघालं होतं. मला त्याचा आनंद झाला असता तर बरं झालं असतं, पण निदान हात कामात होते.

अनीश अकराच्या सुमाराला उठून पाणी प्यायला आला. ग्लास तोंडाला लावला आणि तिथेच थांबला.

"आई, ते कुठून आलं?"

तुझ्याच खिशातून, मी म्हटलं. धुवून ठेवलंय.

त्याने ग्लास खाली ठेवला. त्याचा चेहरा बघून मला समजलं की मी काहीतरी केलं आहे. मग त्याने इंग्रजीत, मधे मधे मराठीत, मला सगळं सांगितलं. फायरिंग संपलं की सगळ्यांनी वाकून रिकामी काडतुसं वेचायची असतात, एकूण एक. ती मोजली जातात. कुणीतरी हाक मारली, त्याच्या हातात एक राहिलं होतं, ते त्याने खिशात घातलं आणि विसरला. आधीच्या तुकडीचं एखादं जमिनीवर राहिलं असणार, म्हणून मोजणी जुळली आणि कुणाला कळलं नाही. त्यानंतर रांगेत उभं राहून प्रत्येकाने मोठ्याने सांगायचं असतं की माझ्याकडे गोळी नाही, काडतूस नाही, काही नाही. तसं त्यानेही सांगितलं होतं.

"घरी एक जरी सापडलं तर दे कॅन चार्ज मी," तो म्हणाला. "लॉक-अप पण होऊ शकतं. सीरियस, आई."

त्याच आठवड्यात पुढच्या कोर्सची यादी लागायची होती. ज्यातून पुढे तुकडीचे प्रमुख तयार करतात तो कोर्स. त्याला तो हवा होता, हे मला माहीत होतं, कारण लहानपणापासून या मुलाने इतक्या उघडपणे दुसरं काही मागितलं नव्हतं. चार्ज झाला तर यादीतून नाव जाणार होतं, आणि ते तर कमीत कमी.

समीर आला. त्याने दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाला, चूटमध्ये टाक. इथे जुन्या फ्लॅटमध्ये प्रत्येक स्वयंपाकघरात भिंतीला कचऱ्याची झडप असते. उघडली, टाकलं, की वस्तू थेट तळमजल्यावर, आणि मग कुणाची कोण ते कुणाला कळत नाही. मी झडप उघडलीसुद्धा. आतून कुजकट वारा आला. माझ्या हातात ते चकचकीत काडतूस होतं आणि मला ते टाकायचं होतं. माझं मूल माझ्या घरात राहायला हवं होतं, बास. त्यात मला कुठे काही चूक दिसत नव्हती आणि अजूनही फारशी दिसत नाही.

"नको," अनीश म्हणाला. "आय सेड इट आउट लाउड, आई. मोठ्याने. माझ्याकडे काही नाही म्हणून."

तुला माहीत नव्हतं तेव्हा, समीर म्हणाला.

"आता आहे ना माहीत."

तो हे अगदी शांतपणे म्हणाला. मी झडप लावली. मग तो ते काडतूस हातात घेऊन प्रकाशात फिरवत राहिला, आणि त्याच्या लक्षात दुसरीच गोष्ट आली. परत द्यायचं ठीक, पण हे असं? कुठल्याही फायरिंग रेंजवरून असलं लखलखीत काडतूस आजवर आलं नसेल. बघणारा पहिला प्रश्न हाच विचारणार की हे तू घरी नेऊन काय करत होतास.

समीरने ते परत मळवायचं ठरवलं. कढईच्या बुडाची काजळी लावून बघितली, ती पितळावर धरेना. मग सोया सॉस आणला. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याला एखादी गोष्ट इतक्या तन्मयतेने बिघडवताना बघितलं नव्हतं. अनीशने त्याच्या हातातून काडतूस काढून घेतलं आणि नळाखाली धरलं. म्हणाला, बाबा, आता हे टॅम्परिंग होतंय. मग मला विचारलं, तू हे धुतलंस का पण? कुणी काडतूस धुतं?

मी ओट्यापाशी उभी राहून त्याला अण्णांचं सांगितलं. थोडक्यात सांगितलं, एखाद्या नातेवाइकाची माहिती द्यावी तसं. आजोबा घरी काडतुसं भरायचे, मी घासायची, सवय आहे. त्याला हे काही माहीत नव्हतं. त्याचे आजोबा म्हणजे व्हिडिओ कॉलवर कपाळ तेवढं दाखवणारे, शाळा कशी आहे विचारणारे म्हातारे गृहस्थ.

"आजोबा घरी बुलेट्स बनवायचे? लीगल मेह?" इथल्या पोरांसारखं प्रश्नाला 'मेह' लावून त्याने विचारलं.

परवाना होता, मी म्हटलं. आणि बुलेट नाही, नुसता आवाज.

तो हसला. मग हसायचा थांबला आणि म्हणाला, मी हे असंच सांगणार. जे झालं ते. मी त्याला म्हटलं की कुणाचा विश्वास बसणार नाही. तो म्हणाला, माझा पण बसत नाहीये, पण खरं आहे ना.

रविवारी संध्याकाळी मी त्याच्या पोशाखाला इस्त्री केली. काडतूस त्याने पारदर्शक पिशवीत घालून वरच्या खिशात ठेवलं. स्टेशनपर्यंत आम्ही तिघं चालत गेलो. वाटेत समीर त्याला काय काय बोलायचं ते शिकवत होता आणि अनीश हो म्हणत होता, ऐकत नव्हता. गेटपाशी कार्ड लावण्याआधी तो वळला. मला काहीतरी म्हणायला हवं होतं. जेवलास का, असं मी विचारलं. आम्ही अर्ध्या तासापूर्वी एकत्र जेवलो होतो. हो आई, तो म्हणाला, आणि सरकत्या जिन्याने वर गेला. त्याचे बूट दिसेनासे होईपर्यंत मी बघत होते, आणि आत कुठे काही हलतंय का तेही बघत होते. नव्हतं हलत. हात तेवढे गार पडले होते.

सोमवारी त्याचा फोन आला नाही. मंगळवारी संध्याकाळी अनोळखी नंबरवरून आला. मी भाजी फोडणीला टाकणार होते, समीर शेजारी काकडी चिरत होता. बोलणारा अनीशचा अधिकारी होता. मुलगाच म्हणायला हवा, अनीशपेक्षा फार तर तीन-चार वर्षांनी मोठा, आवाजावरून चिनी. फार नम्रपणे म्हणाला की अनीशने स्वतःहून एक वस्तू आणून दिली आहे आणि त्याने जे सांगितलं त्याची त्याला माझ्याकडून खात्री करून घ्यायची आहे. माझं सांगणं त्याच्या सांगण्याशी जुळलं नसतं तर काय झालं असतं ते त्याने सांगितलं नाही, पण ते त्याच्या नम्रपणातच होतं.

ते कुणी साफ केलं, त्याने विचारलं. मी, म्हटलं. कशाने? चिंचेने. चिंचेला इंग्रजीत जे म्हणतात ते त्याला चटकन कळलं नाही, मग म्हणाला, ओ, आसाम. इथे मलय लोक चिंचेला आसाम म्हणतात. हो, आसाम. तो लिहून घेत होता, कीबोर्डचा आवाज येत होता. का साफ केलं, मॅडम?

यावर मी दोन वाक्यांत उत्तर द्यायचं ठरवून ठेवलं होतं. वडिलांचं काम, लहानपणची सवय. ती दोन वाक्यं झाली आणि मी थांबले नाही. मी त्याला चूल न पेटवण्याचं सांगितलं. पत्रिकांचं सांगितलं, डुकरांचं सांगितलं. अण्णा कसे कानाशी धरून हलवायचे तेही. कीबोर्डचा आवाज केव्हाच थांबला होता. समीर सुरी हातात धरून माझ्याकडे बघत होता. माझं इंग्रजी ऑफिसचं आहे, त्यात घोंगडीला शब्द नाही, तर मी म्हटलं, एका प्रकारचं ब्लँकेट, मेंढीच्या केसांचं, टोचतं. तो 'ओके' म्हणाला. प्रत्येक गोष्टीला नुसतं ओके म्हणत होता, पण मधे तोडत नव्हता.

मग त्याने विचारलं, "युअर फादर इज स्टिल डुइंग धिस, मॅडम? इन इंडिया?"

त्याला ते लिहायचं असणार. बरोबर होतं त्याचं.

"नो," मी म्हटलं. "ही डाइड."

मग तो म्हणाला, आय ॲम सॉरी, मॅडम. नंतर त्याच्या नेहमीच्या आवाजात सांगितलं की अनीशला दोन आठवडे सुट्टीला घरी सोडणार नाहीत. कोर्सच्या यादीचं वरचे लोक ठरवतील, पण तो स्वतःहून आला हे मी लिहिलं आहे. मी आभार मानले. त्याने फोन ठेवला.

अण्णा गेल्याचं दादाने, माझ्या भावाने, मेसेजवर कळवलं होतं. तोच मेसेज मी समीरला दाखवला होता आणि तोच ऑफिसात, मैत्रिणींना पुढे पाठवला होता. गावी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं, आणि तिथे जो भेटला तो मलाच सांगत होता. अनीशला समीरने सांगितलं. मी स्वतः, माझ्या तोंडाने, हे आजवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं. ते पहिल्यांदा सांगितलं तेही परक्या भाषेत आणि एका चौकशीत.

समीरने विचारलं, काय म्हणाला तो? अनीशचं काय?

"अण्णा गेले रे," मी म्हटलं.

त्याने सुरी खाली ठेवली आणि गॅस बंद केला. "हो," तो म्हणाला.

"अण्णा गेले."

तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मी तिसऱ्यांदा म्हटलं, आणि या वेळी ते मला ऐकू आलं.